धडधडणारी छाती, उदास मन

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात बोलायला गेलो होतो. विषय होता स्नायू आणि ऊर्जा. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या बाकावरून पी.टी.चे एक सर उठले. म्हणाले, "सर, ऊर्जेचं समजलं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या दहावीच्या वर्गातली दोन मुलं परीक्षा जवळ आली की जेवत नाहीत, रात्री झोपत नाहीत. पेपर हातात पडला की हात थरथरतात. आणि एक मुलगी आहे, ती दिवाळीपासून कुणाशी बोलतच नाही. या तिघांना मी रोज सकाळी मैदानावर बोलावू का? काही फरक पडेल का? की हे सगळं भिंतीवर लिहिण्यापुरतंच, निरोगी शरीरात निरोगी मन वगैरे?"

"हो हो, जरूर बोलवा," असं म्हणून मी मोकळा झालो. परतीच्या एस.टी.त मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. कारण सरांनी एक नव्हे, दोन प्रश्न विचारले होते. घाबरणाऱ्या मुलांचा एक आणि गप्प झालेल्या मुलीचा दुसरा. शिवाय "फरक पडतो" हे आपल्याला कशावरून कळलं, हा तिसरा प्रश्न त्यांच्या बोलण्यात दडलेला होताच. हा लेख म्हणजे त्या सरांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात एका सोप्या प्रयोगाने करू. वर्गात सगळ्यांना करता येईल. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, दोन बोटं ठेवून नाडी शोधा. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. आता एक मिनिटभर जागच्या जागी उड्या मारा आणि लगेच पुन्हा मोजा. आकडा किती वाढला ते फळ्यावर लिहा. मग मुलांना विचारा, नाडीखेरीज शरीरात आणखी काय काय बदललं? श्वास जोरात चालतोय, कपाळावर घाम आलाय, छाती धडधडतेय, घसा कोरडा पडलाय, पाय थोडे कापताहेत. ही यादी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा. नंतर विचारा, गणिताचा पेपर हातात पडतो तेव्हा शरीराला काय होतं? ही यादी उजव्या बाजूला. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्याच निघतील.

यात योगायोग काही नाही. पळताना काय किंवा घाबरल्यावर काय, स्वायत्त चेतासंस्थेचा तोच भाग कामाला लागतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येतं. हृदय वेगाने धावू लागतं, स्नायूंकडे जास्त रक्त वळतं. शरीराच्या दृष्टीने बैल अंगावर आला काय आणि गणिताचा पेपर आला काय, तयारी एकच. फरक एवढाच, की बैल आला तर आपण पळतो आणि ती तयारी कामी येते. पेपर आला तर बाकावर बसून राहावं लागतं.

आता अशी कल्पना करा, की एखाद्या माणसाला या धडधडीचीच भीती बसली आहे. छाती जरा धडधडली की त्याला वाटतं, आता हृदय बंद पडणार. या विचाराने तो आणखी घाबरतो, अ‍ॅड्रेनॅलिन आणखी वाढतं, छाती आणखी धडधडते. दुष्टचक्र सुरू होतं. काही मिनिटांत त्याचा श्वास कोंडतो आणि घरचे रिक्षा करून दवाखान्यात नेतात. तिथे हृदयाचा आलेख काढला तर तो अगदी व्यवस्थित निघतो. हा विकार बऱ्यापैकी आढळतो आणि त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. पुढेपुढे अशी माणसं जिने चढायलासुद्धा घाबरतात, कारण जिना चढला की छाती धडधडते.

अशा माणसांना पळायला लावलं तर? जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये आंद्रेआस ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ४६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला १० आठवडे नियमित पळायला लावलं, दुसऱ्याला क्लोमिप्रामिन हे औषध दिलं, तिसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दहा आठवड्यांनंतर पळणारा गट या पोकळ गोळीच्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलेला होता. मात्र औषधाचा गट त्याहून लवकर आणि त्याहून जास्त सुधारला होता. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पळणाऱ्यांपैकी जवळपास एकतृतीयांश लोकांनी मध्येच सोडून दिलं. औषधाच्या गटातून कुणीच गळलं नाही. व्यायामाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हे शेवटचं वाक्य सहसा सापडत नाही.

पळण्याने भीती का कमी होते, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण आपल्या फळ्यावरच आहे. रोज पळणाऱ्या माणसाची छाती रोज धडधडते आणि रोज थोड्या वेळाने शांत होते. काहीही वाईट घडत नाही. शंभर वेळा असं झालं की मेंदू शिकतो, की धडधड म्हणजे संकट नव्हे. मानसोपचारातही रुग्णाला घाबरवणाऱ्या गोष्टीला सुरक्षित वातावरणात, थोडं थोडं सामोरं जायला लावतात. पळताना हे आपोआप घडतं. पी.टी.च्या सरांच्या त्या दोन मुलांना पॅनिक डिसऑर्डर आहे असं मी म्हणत नाही. परीक्षेची भीती ही पुष्कळ साधी गोष्ट आहे. पण धडधडीशी ओळख करून देण्याचं तत्त्व तिथेही लागू पडावं.

कोंबडी आधी की अंडं?

आता गप्प झालेली मुलगी. नैराश्य म्हणजे नुसतं उदास वाटणं नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ दिवसभर मन खिन्न असणं, आवडीच्या गोष्टींतली गोडी जाणं, झोप आणि भूक बिघडणं, थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, कधी जगूच नये असं वाटणं, अशी पाच किंवा अधिक लक्षणं एकत्र असली की डॉक्टर त्याला आजार म्हणतात.

नियमित व्यायाम करणाऱ्या लोकांत नैराश्य कमी आढळतं, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलं आहे. पण यावरून व्यायामाने नैराश्य टळतं असं म्हणता येईल का? वर्गात विचारून पाहा, एखादी चाणाक्ष मुलगी लगेच म्हणेल, "पण उदास माणूस पळायला जाईलच कशाला?" बरोबर. अंथरुणातून उठणं ज्याला जड जातं तो मैदानावर दिसणारच नाही. म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे नुसत्या पाहणीतून कळत नाही.

नॉर्वेतल्या संशोधकांनी ही अडचण काही अंशी सोडवली. तिथल्या नॉर-ट्रोंडेलाग परगण्यातल्या रहिवाशांची मोठी आरोग्यपाहणी १९८४ साली सुरू झाली होती. त्यांतली नैराश्याची किंवा चिंताविकाराची लक्षणं नसलेली ३३,९०८ माणसं त्यांनी निवडली. सुरुवातीला कोण किती व्यायाम करतं हे नोंदवलेलं होतं. अकरा वर्षांनी पुन्हा तपासलं. सुरुवातीला अजिबात व्यायाम न करणाऱ्यांत पुढे नैराश्य जास्त आढळलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा हिशोब असा, की सगळ्यांनी आठवड्यातून निदान एक तास व्यायाम केला असता तर नैराश्याची सुमारे १२ टक्के प्रकरणं टळू शकली असती. एक तास म्हणजे रोज नव्हे हं, आठवड्यातून. आणि व्यायाम किती जोरात केला याने फारसा फरक पडत नव्हता. मात्र चिंताविकारांच्या बाबतीत असा संबंध दिसलाच नाही. चिंता आणि नैराश्य या जुळ्या बहिणी असल्यासारखं आपण एका दमात बोलतो, त्यांना वेगवेगळं बघायला हवं ते यासाठी.

तरीही शंका उरतेच. ज्याला व्यायामाला फुरसत आहे त्याच्याकडे कदाचित पैसाही आहे, मित्रही आहेत. मग नैराश्य टाळलं कोणी, व्यायामाने की मित्रांनी? याचा निकाल लावायचा तर कोणी व्यायाम करायचा हे माणसांवर सोडून चालत नाही. ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी तसं केलं. पन्नाशी ओलांडलेले, नैराश्याचं निदान झालेले १५६ स्त्रीपुरुष. चिठ्ठ्या टाकून तीन गट. पहिल्याने आठवड्यातून तीनदा, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, अर्धा तास भरभर चालायचं किंवा सावकाश धावायचं. दुसऱ्याने सर्ट्रालिन हे औषध घ्यायचं. तिसऱ्याने दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. प्रत्येक गटातल्या साधारण ६० ते ७० टक्के लोकांचं नैराश्य निदानाच्या रेषेखाली उतरलं. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर आला एवढंच. हे १९९९ साली छापून आलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले, की पळणं औषधाइतकंच गुणकारी.

इथे थांबून विद्यार्थ्यांना विचारण्यासारखा प्रश्न आहे: या प्रयोगात काय राहून गेलं?

काहीच उपचार न केलेला गट राहिला. नैराश्य कित्येकदा काळाबरोबर आपोआप ओसरतं. शिवाय आपल्यावर उपचार होताहेत, कुणीतरी आपली विचारपूस करतंय, यानेच माणसाला बरं वाटू लागतं. मग तिन्ही गट सारखे सुधारले ते उपचारांनी, की सोळा आठवडे उलटल्याने? ब्लुमेंथाल यांना हे कळत होतं. त्यांनी दुसरा प्रयोग केला, २०२ लोकांवर, चार गट करून. त्याचे निकाल २००७ साली आले. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या १०० जणांत ४५ नैराश्यमुक्त झाले. घरच्या घरी व्यायाम करणाऱ्यांत ४०. औषधाच्या गटात ४७. आणि पोकळ गोळीच्या गटात ३१.

या ३१ आकड्याकडे नीट बघा. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यातलेही जवळपास एकतृतीयांश बरे झाले! व्यायामाचं खरं श्रेय ४५ नव्हे, ४५ उणे ३१. चौदा. हा चौदाचा फरकही इतका मोठा नाही, की नशिबाचा भाग पूर्णपणे नाकारता यावा. आणि लक्षात घ्या, औषधाचीही गत जवळजवळ तीच आहे.

औषधाच्या चाचणीत पोकळ गोळी वापरून रुग्णाला अंधारात ठेवता येतं. व्यायामाचं काय करणार? आपण पळतोय हे पळणाऱ्याला कळू न देण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. काही संशोधक तुलनेच्या गटाला हलके ताणाचे व्यायाम देतात, पण ते पोकळ गोळीइतकं चोख नाही. त्यामुळे व्यायामाच्या चाचण्यांत अपेक्षेचा वाटा वेगळा काढणं फार अवघड जातं. २०१३ साली कॉक्रेन या संस्थेने ३९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा व्यायामाचा मध्यम परिणाम दिसला. त्यांतल्या सर्वांत काटेकोर अशा सहाच चाचण्या निवडल्या, तर परिणाम बराच लहान झाला आणि खात्रीने सांगण्याइतका उरला नाही. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्यांचा, १४,१७० लोकांचा आढावा आला. चालणं वा धावणं, योगासनं आणि वजनं उचलणं यांचा चांगला उपयोग दिसला. पण त्यांतल्याही बहुतेक चाचण्या काटेकोर नव्हत्या, हे लेखकांनीच लिहिलं आहे. माझं मत विचाराल तर परिणाम खरा आहे, मध्यमच आहे, आणि सगळ्यांना सारखा मिळत नाही.

नुसतं सांगून भागत नाही

मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो एक अपयशी ठरलेला प्रयोग. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि एक्सेटरच्या परिसरात नैराश्याच्या ३६१ रुग्णांवर तो झाला. नेहमीचे उपचार सगळ्यांचेच चालू होते. निम्म्यांना त्याशिवाय एक सल्लागार दिला. तो प्रत्यक्ष भेटून आणि फोनवरून हालचाल वाढवायला प्रोत्साहन देई. लोकांनी आपली हालचाल वाढल्याचं सांगितलंही. पण २०१२ साली निकाल आले तेव्हा दोन्ही गटांच्या नैराश्यात फरक नव्हता.

ड्यूकमध्ये जमलं ते इथे का जमलं नाही? तिथे ठरलेली वेळ होती, बरोबर पळणारी माणसं होती, न आलात तर चौकशी करणारं कुणीतरी होतं, आणि नाडी मोजली जात होती. इथे प्रोत्साहन होतं. यांपैकी नेमकं काय कमी पडलं हे एका प्रयोगावरून ठरवता येत नाही. पण शिक्षकाने एखाद्या उदास मुलाला "जरा खेळत जा, बरं वाटेल" असं सांगणं म्हणजे इंग्लंडमधल्या त्या सल्लागाराच्या कामाचाही दहावा हिस्सा आहे, एवढं निश्चित.

आणखी एक प्रश्न खेड्यातल्या शिक्षकांना पडेलच. दिवसभर रानात राबणाऱ्या बाईला व्यायाम कमी पडतो का? मग ती उदास का? फुरसतीतल्या हालचालीचा नैराश्याशी जो उलटा संबंध दिसतो, तो कामातल्या कष्टांच्या बाबतीत सहसा दिसत नाही. कष्ट करणाऱ्यांत उलट मनाचे त्रास जास्त आढळल्याच्याही नोंदी आहेत. स्नायूंना खुरपणी आणि खो-खो यांत फारसा फरक कळत नसेल, पण माणसाला कळतो. एक स्वतःहून केलेली असते, दुसरी करावी लागते. मैदानाला पाच चकरा मारण्याची शिक्षा देतो तेव्हा आपण पळणं कुठल्या बाजूला ढकलतो, याचा विचार करून पाहावा.

आनंद नावाचा रेणू

पळाल्यावर छान का वाटतं? याचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे: एंडॉर्फिन. शरीरातच तयार होणारं, अफूसारखं काम करणारं हे रसायन व्यायामानंतर रक्तात वाढतं, हे खरं आहे. अडचण अशी, की त्याचा रेणू मोठा असतो आणि रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरू शकत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा पहारा कडक असतो.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१५ साली उंदरांवर प्रयोग केला. चाकावर पळून आलेले उंदीर कमी घाबरट होतात, अंधाऱ्या कोपऱ्यातून उजेडात जास्त येतात. अफूसारख्या रसायनांचं काम औषधाने बंद पाडलं, तरी पळालेले उंदीर धीटच राहिले. पण भांगेतल्या द्रव्याला मेंदूत जे ग्राहक रेणू प्रतिसाद देतात ते बंद केल्यावर धीटपणा गेला. २०२१ साली माणसांवरही चाचणी झाली. ६३ जणांना पळवलं. एंडॉर्फिनचं काम रोखणारी गोळी दिली तरी पळाल्यानंतरचा उल्हास आणि कमी झालेली चिंता तशीच राहिली.

भांगेच्या या ग्राहकांवर बसणारा शरीराचा स्वतःचा एक रेणू १९९२ साली जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो लहान आणि तेलात विरघळणारा आहे, म्हणून मेंदूच्या पहाऱ्यातून आत जातो. विल्यम डिव्हेन यांनी त्याला नाव दिलं ते आपल्या ओळखीच्या शब्दावरून: आनंदमाइड. हो, संस्कृतातला आनंदच. व्यायामानंतर तो रक्तात वाढतो.

पण हा उल्हास तासा-दोन तासांचा. महिनोन् महिने चालणाऱ्या नैराश्यावर तो पुरा पडणार नाही. तिथे इतर यंत्रणा असाव्यात. त्यांतली एक मला विशेष आवडते, कारण तिचं मूळ मेंदूत नसून मांडीत आहे. शरीरावर ताण आला की ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कायन्युरेनिन नावाचं द्रव्य जास्त बनतं. ते मेंदूत शिरतं आणि तिथे उपद्रव करतं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योर्गे रुआस यांच्या गटाने २०१४ साली दाखवलं, की व्यायामाने तयार झालेल्या स्नायूंत एक विकर वाढतं. ते रक्तातल्या कायन्युरेनिनचं रूप पालटतं आणि ते नवं रूप मेंदूत जाऊ शकत नाही. म्हणजे यकृत जसं रक्तातली विषारी द्रव्यं निकामी करतं तसं काहीसं काम स्नायू करतात. असे स्नायू असलेल्या उंदरांना सतत ताण दिला तरी ते इतरांसारखे मरगळले नाहीत. माणसांत व्यायामाने हे विकर वाढतं हेही दिसलं. त्यामुळेच माणसाचं नैराश्य कमी होतं, हे सिद्ध व्हायला मात्र अजून अवकाश आहे.

तर सर, तुमच्या तीन मुलांबद्दल. त्या दोन घाबरणाऱ्या मुलांना जरूर मैदानावर बोलवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, आतापासून. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, दम लागेल पण बोलता येईल इतपत पळू द्या. शर्यत लावू नका. पळून झाल्यावर नाडी मोजायला लावा आणि ती किती मिनिटांत खाली येते ते वहीत लिहायला सांगा. आपली धडधड आपोआप उतरते हे त्यांनी स्वतः मोजलेलं असेल. आणि गणिताच्या शिक्षकांनी पोर्शन उरला म्हणून पी.टी.चा तास मागितला, तर या वेळी देऊ नका.

मुलीचं वेगळं आहे. दिवाळीपासून गप्प म्हणजे दोन आठवडे केव्हाच उलटले. तिला आधी मैदान नको, तिच्याशी बोलणारं माणूस हवं. तिच्या आवडत्या बाई असतील तर त्यांनी एकटीशी, घाई न करता बोलावं. जगण्याचा कंटाळा आलाय का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, ही भीती निराधार आहे. घरच्यांना भेटावं, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायला सांगावं. तोवर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी औषध दिलं तर व्यायाम सुरू आहे म्हणून ते कुणी परस्पर बंद करू नये.

आणि मग, तिला जमेल तेव्हा, सकाळी मैदानाभोवती नुसतं चालायला बोलवा. बरोबर एखादी मैत्रीण असू द्या. एखाद्या दिवशी ती आली नाही तर रागवू नका. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला तिच्या घरावरून यायला सांगा.